कोलेस्टेरॉलची गोळी सोडावी का?

(मिशनच्या मदतनीसांच्या मेळाव्यात पेण येथे केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. तुम्हांला वाटले असेल की मी नेहमीप्रमाणे वाडीवरच्या मुलांची वजने, बाळंतपणे आणि विंचू-सापाचे दंश यांचा अहवाल देईन. तो अहवाल छापील स्वरूपात तुमच्या हातात आहेच. आज मी तुमच्या खिशातल्या आणि पर्समधल्या एका लहानशा गोळीबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षभरात उपासना संपल्यावर मला बाजूला घेऊन जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, तो हा: "सिस्टर, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. पाय दुखतात. पथ्य नीट पाळले आणि ती बंद केली तर चालेल का?" काहीजण मोबाईलवरचा व्हिडिओही दाखवतात. त्यात कोणीतरी पांढरा कोट घालून सांगत असतो की ही गोळी म्हणजे विष आहे आणि लसूण-लिंबाच्या रसाने सगळे साफ होते. हीच गोष्ट आता धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, पेण आणि रोह्याच्या वाड्यांवरही आली आहे. फरक एवढाच की तिथे प्रश्न विचारला जात नाही. गोळी गुपचूप बंद होते आणि आम्हांला महिन्यांनी कळते.

मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर मिशनच्या दवाखान्यात येते. कोणाची गोळी कमी करायची, कोणाची बदलायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे, हे तरी आज तुम्ही इथून घेऊन जावे, म्हणून हा विषय घेतला.

आधी थोडक्यात कोलेस्टेरॉलविषयी. ते शरीराला लागतेच, आणि त्यातले बहुतेक आपले यकृत स्वतः तयार करते. खाण्यातून येणारा वाटा लहान असतो. रक्तातून ते ज्या कणांत भरून फिरते, त्यांतले एलडीएल नावाचे कण जास्त झाले की रोहिणीच्या भिंतीत साचतात. हे साचणे वर्षानुवर्षे चालते आणि दुखत मात्र काहीच नाही. म्हणूनच "मला तर काही त्रास नाही" हे वाक्य इथे उपयोगाचे नाही. अनेकांना पहिला त्रास होतो तो थेट छातीत.

आपल्या लोकांत हा त्रास लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी २४ टक्के लोकांचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. म्हणजे चारात एक. या सभागृहात किती जण असतील, तुम्हीच मोजा.

आता गोळीकडे येऊ. स्टॅटिन हे या गोळ्यांच्या कुटुंबाचे नाव. अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही त्यातली आज सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी भावंडे. ही औषधे कारखान्यात कुठल्या तरी विषापासून बनली, असे व्हिडिओत सांगतात. खरी हकिगत ऐका. अकिरा एन्डो नावाचा जपानी शास्त्रज्ञ होता, शेतकरी कुटुंबातला. बुरशीमध्ये असे काही असेल का की जे कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखेल, या शोधात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्या. १९७३ साली ते द्रव्य सापडले. कशात, तर क्योटो शहरातल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या बुरशीत. आपल्या कोठीत पावसाळ्यात तांदळाला येते तशीच हिरवट-निळी बुरशी. त्यावरून पुढे औषधे तयार झाली आणि १९८७ साली अमेरिकेत त्यांतले पहिले, लोवास्टॅटिन, बाजारात आले. एन्डो २०२४ साली, नव्वदाव्या वर्षी वारले.

औषध सापडणे वेगळे आणि त्याने माणूस वाचतो हे दाखवणे वेगळे. ते काम १९९४ साली झाले. उत्तर युरोपातल्या देशांत ४,४४४ हृदयरुग्ण घेतले. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांनी मोजले. औषध नसलेल्या गटात २५६ माणसे गेली होती, औषधाच्या गटात १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. सगळे वाचले असे नाही, हेही लक्षात घ्या. १८२ जण गोळी घेत असतानाही गेले. ही गोळी म्हणजे कवच नव्हे. ती धोका कमी करते.

आणि इथेच आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. गोळी सोडावी की नाही हे तुम्ही कोणत्या रांगेत उभे आहात त्यावर आहे. ज्यांना एकदा झटका येऊन गेला, ज्यांच्या हृदयात जाळी म्हणजे स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे किंवा ज्यांना रक्ताच्या गुठळीने पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी "गोळी की पथ्य" हा प्रश्नच नाही. गोळी हवीच आणि पथ्यही हवे. चाळिशी ओलांडलेले मधुमेही बहुधा याच रांगेत येतात. ज्यांचा एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, तेही. एवढा आकडा बरेचदा आईवडिलांकडून आलेला असतो आणि नुसत्या भाजीभाकरीने तो पुरेसा खाली येत नाही.

एक उदाहरण सांगते. रोह्याकडच्या एका वाडीवरचा कातकरी समाजातला माणूस, बेचाळीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. पावसाळ्यात त्याच्या छातीत दुखू लागले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्याच्या रोहिणीत जाळी बसली, पैसा लागला नाही. घरी येताना एक महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या तेव्हा दिवाळी झाली होती आणि तुम्हांला ठाऊक आहे की दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते ते पाऊस तोंडावर आल्यावर परत येते. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. भट्टीवर ना दवाखाना ना औषधाचे दुकान. मे महिन्यात भट्टीवरच त्याला दुसरा झटका आला. टेम्पोत घालून तालुक्याला आणला. वाचला. पण आता ओझे उचलवत नाही आणि घरात कमावणारी एकटी त्याची बायको आहे. ती मला म्हणाली, "सिस्टर, जाळी टाकली म्हणजे दुखणं काढून टाकलं असंच आम्हांला वाटलं. मग गोळ्या कशाला?"

त्याने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तशी रक्त पातळ ठेवणारी गोळीही बंद केली होती. त्यामुळे कशाने काय झाले हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जाळी बसते ती एका जागी, दोन-तीन सेंटीमीटरच्या तुकड्यात. बाकीच्या रोहिण्या होत्या तशाच असतात. गोळी त्या बाकीच्यांसाठी असते. हे दोन मिनिटांत, तिच्या भाषेत तिला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. आता आम्ही वाडीवर खराट्याची काडी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊन हे दाखवतो. लोकांना लगेच कळते.

आता दुसरी रांग. झटका नाही, मधुमेह नाही, तपासणीत एलडीएल १५० किंवा १६५ आला आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. इथे मात्र विचारायला जागा आहे, आणि चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने रागावत नाही. कारण इथे फायदा तुमच्या मूळ धोक्यावर ठरतो. समजा, पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. गोळीने ती शंभरात चारच्या आसपास येईल. ज्याची शक्यता शंभरात तीस आहे त्याची सहा-सातांनी कमी होईल. गोळी तीच, पण दोघांच्या पदरात पडणारे माप वेगळे. म्हणून डॉक्टरांना विचारा: माझे वय, रक्तदाब, तंबाखू, साखर, घरातला इतिहास हे सगळे धरून माझा धोका किती? वडिलांना किंवा भावाला पन्नाशीच्या आधी झटका आला असेल तर ते न विचारताच सांगा. आणि मिश्री लावत असाल तर तेही सांगा. बाया मिश्रीला तंबाखू समजत नाहीत.

पाय दुखतात त्याचे काय? गोळीचे दुष्परिणाम आहेत. नाहीत असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. २००१ साली सेरिवास्टॅटिन नावाचे याच कुटुंबातले एक औषध जगभरातून परत घ्यावे लागले, कारण काहींचे स्नायू त्याने इतके खराब झाले की मूत्रपिंडे बंद पडली आणि माणसे दगावली. आज मिळणाऱ्या गोळ्यांत हे फार क्वचित होते, पण खूण लक्षात ठेवा: स्नायू असह्य दुखणे, अंगातले त्राण जाणे आणि लघवी काळ्या चहासारखी होणे. असे झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, माझी वाट पाहायची नाही.

साधे अंग दुखणे ही वेगळी गोष्ट. २०२२ साली सुमारे सव्वा लाख लोकांवरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले. गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखल्याचे सांगितले. आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी? २६.६ टक्के. म्हणजे दुखत होते ते खरेच, पण पहिल्या वर्षातही पंधरा जणांतल्या एकाचेच दुखणे गोळीमुळे होते. बाकीच्यांचे वयाने, कामाने, थायरॉइडने, ड जीवनसत्त्व कमी पडल्याने.

लंडनमध्ये त्याहून गमतीचा प्रयोग झाला. दुष्परिणामांमुळे गोळी सोडून दिलेले साठ लोक घेतले. वर्षभरासाठी त्यांना बाटल्या दिल्या: चार महिने खऱ्या गोळीच्या, चार महिने खोट्या गोळीच्या आणि चार महिने रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती गोळी हे त्यांना माहीत नव्हते. रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत त्रास आठ गुणांचा, खोट्या गोळीत पंधराच्या थोडा वर, खऱ्या गोळीत सोळाच्या थोडा वर. गोळी घेतो आहोत या धास्तीनेच अंग दुखत होते, असे म्हणा. निकाल दाखवल्यावर त्यांतले निम्मे लोक पुन्हा गोळी घेऊ लागले. यात हसण्यासारखे काही नाही. त्यांना दुखत होते हे सोंग नव्हते.

मग आपले दुखणे कोणत्या प्रकारचे हे कसे ओळखावे? मी विचारते: दोन्ही बाजूंना सारखे दुखते का? मांड्या, कुल्हे, खांदे अशा मोठ्या स्नायूंत दुखते की गुडघ्यात? गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सुरू झाले की आधीपासून आहे? एकाच गुडघ्यात कळ येत असेल तर बिचाऱ्या गोळीला दोष देऊ नका. दोन्ही मांड्या नव्याने दुखू लागल्या असतील तर डॉक्टर रक्तातले सीके तपासतात, दोन-चार आठवडे गोळी थांबवून पाहतात आणि मग कमी डोस किंवा दुसरे भावंड देतात. कमी डोस म्हणजे फुकट असे नाही. या औषधाची एक विशेष गोष्ट अशी की बहुतेक काम पहिला लहान डोसच करतो. पुढे डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतो. "एकतर पूर्ण गोळी नाहीतर काही नाही" असा हट्ट म्हणूनच नको.

साखरेचेही विचारतात. होय, या गोळीने काहींना मधुमेह होतो, विशेषतः जे आधीच काठावर असतात त्यांना. अभ्यासाचा हिशोब असा की २५५ लोकांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, आणि तेवढ्याच लोकांत हृदयविकाराच्या सुमारे पाच मोठ्या घटना टळतात. काठावरच्याने साखर तपासत राहावे. यकृत खराब होण्याची भीती लोकांना फार आहे. प्रत्यक्षात ते क्वचित घडते. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याचा विचार असलेल्या बाईने मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे सांगा, कारण काही स्टॅटिनशी त्याचे जमत नाही. आणि पपनस. ग्रेपफ्रूट नावाच्या फळाने अॅटोरवास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन रक्तात वाढते, आणि आपले पपनस त्याच्याच घरचे, तसेच घटक असलेले. गणपतीच्या दिवसांत शेजाऱ्यांकडून फोडी येतात त्या खाल्ल्याने काही होणार नाही, पण रोज एक पपनस असे करू नका.

आता ताटाकडे. मी मुद्दाम गोळीला आधी जास्त वेळ दिला, कारण ताटाविषयी बोलायला सगळ्यांनाच आवडते.

आहाराने कोलेस्टेरॉल उतरते का? उतरते, आणि किती ते मोजलेले आहे. कॅनडातल्या टोरोंटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली ४६ लोकांवर एक प्रयोग केला. एका गटाला लोवास्टॅटिन दिले, एका गटाला खास आहार. आहारात काय होते बघा: ओट आणि जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, भेंडी, वांगी, आणि कोलेस्टेरॉल शोषू न देणारी वनस्पतिद्रव्ये घातलेले लोणी. महिनाभराने गोळीच्या गटाचा एलडीएल ३१ टक्के उतरला आणि आहाराच्या गटाचा जवळजवळ २९ टक्के. केवढे छान! हे वाचून मीही खूश झाले होते. पण तिथे सगळे जेवण तयार करून हातात दिले जात होते. नंतर त्यांनीच मोठा प्रयोग केला. लोकांना आहार समजावून सांगितला आणि सहा महिने आपापल्या घरी स्वयंपाक करू दिला. तेव्हा उतरला तो १३-१४ टक्के. घरात सासूबाई असतात, पाहुणे असतात, रविवार असतो. मला हा दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

आता हिशोब करा. एलडीएल १६५ आहे. आहार नेटाने पाळला तर १४२-४३ होईल. अॅटोरवास्टॅटिन दहा मिलिग्रॅमने साधारण १०५ ते १०७. दोन्ही केले तर नव्वदीत येईल. २०२४ साली भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या लोकांसाठी जे मार्गदर्शन दिले त्यात सर्वसाधारण माणसाने शंभरच्या खाली, जास्त धोका असलेल्याने सत्तरच्या खाली आणि झटका येऊन गेलेल्याने पंचावन्नच्या खाली राहावे असे म्हटले आहे. पंचावन्न केवळ भेंडी-वांग्याने गाठणे जवळजवळ अशक्य आहे. पण १२० चा शंभरच्या आत आणणे अनेकांना जमू शकते. ट्रायग्लिसराइड नावाची दुसरी चरबी वाढली असेल तर आहाराचे काम आणखी जोरात चालते. साखर, मैदा, ताट भरून पांढरा भात आणि दारू यांनी ती वाढते आणि ते कमी केले की काही आठवड्यांत उतरते. आपल्याकडे हाच प्रकार फार दिसतो. पोटावरचा माणूस असायलाही नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपली बारीक दिसणारी माणसेसुद्धा आतून चरबी बाळगून असतात, आणि ती जन्मापासून. त्या काटकुळ्या भट्टीकामगाराचे म्हणूनच मला नवल वाटले नाही.

ताटात नेमके काय बदलावे? लोक पहिल्यांदा अंडे आणि कोलंबी सोडतात. त्याचा परिणाम थोडा असतो. खरा परिणाम घट्ट चरबीचा: पामतेल, वनस्पती तूप, साय, मटणाची चरबी, बेकरीचा माल. पामतेलात अर्धी चरबी घट्ट जातीची, खोबरेलात नव्वद टक्के. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ते चांगले झाले, पण घट्ट चरबी त्यात आहेच. वडखळ नाक्यावरचा वडा तळण्याच्या तेलात दिवसभर काय होते ते मी सांगायला नको. खारी आणि बटर चहात बुडवून खाणाऱ्यांना वाटते की आपण तेलकट काही खातच नाही. नाताळच्या करंज्या वर्षातून एकदा असतात, त्यांना मी हात लावणार नाही.

आणि वाढवायचे काय, तर जे इथे पिकते तेच. वाल, पावटा, चवळी, हरभरा, नाचणीची भाकरी, भेंडी, वांगी, शेंगदाणे मूठभर. आपल्या भागातली पोपटी घ्या. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. तेलाचा थेंब नाही. त्यात कोंबडी घालणारे घालतात, पण शेंगा जास्त आणि कोंबडी बेताची ठेवली तर मला काही म्हणायचे नाही. खाडीचे बोय, निवटे चांगलेच. तळण्याऐवजी कालवणात घाला. सुकटीला कोलेस्टेरॉलसाठी कोणी दोष देऊ नये, मिठासाठी मात्र रक्तदाबवाल्याने जपावे.

वाडीवर हे सांगताना मी फार जपून बोलते. ज्या घरात पाव लिटर तेल आठवडाभर पुरवतात, त्यांना "तेल कमी करा" म्हणणे लाजिरवाणे आहे. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे आदिवासी राहतात. २०१७ साली त्यांतल्या ७०५ प्रौढांच्या हृदयाचे सीटी स्कॅन प्रसिद्ध झाले. ८५ टक्के लोकांच्या रोहिण्यांत साचलेल्या चुन्याचा मागमूस नव्हता. हे वाचून आपले काही मित्र म्हणतात, आदिवासींना त्यांच्या जुन्या आहारावर सोडा. टाकळा, शेवळे, कंटोळी, भारंगी यांचे मोल मला ठाऊक आहे आणि कातकरी आजीइतकी रानभाजी मला ओळखता येत नाही. पण रान तरी कुठे तसे उरले आहे? आणि उपाशी माणसाचे कमी कोलेस्टेरॉल हे आरोग्य नव्हे. वाडीवर आज जे बदलले आहे ते असे की रेशनचा भात आहे, भाजी नाही, आणि मुलाच्या हातात पाच रुपयांची पामतेलात तळलेली पुडी आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नये. नाताळला आपण वाडीवर जी पाकिटे वाटतो त्यांत फरसाण, क्रीमची बिस्किटे आणि केक असतो. प्रेमाने देता. पुढच्या नाताळला भाजलेले चणे-शेंगदाणे आणि चिक्की घालूया, केकचा एक तुकडा राहू दे.

दुसऱ्या रांगेतल्यांनी, डॉक्टरांची संमती असेल तर, तीन महिन्यांचा करार करावा असे मी सुचवते. आज तपासणी, ताटात बदल, रोज अर्धा तास भरभर चालणे, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. लेंटचे चाळीस दिवस तर आपण पाळतोच, त्याला दुप्पट करा. मात्र लेंटमध्ये मटण सोडून साबुदाणे वडे खाणारे आपल्यात आहेत, तो हिशोब इथे चालणार नाही. आकडा उतरला तर उत्तम. नाही उतरला तर गोळी घ्यायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. मी स्वतः अशीच तीन महिने थांबले होते. माझा १५८ चा १४४ झाला, आईला पंचावन्नाव्या वर्षी झटका आलेला, म्हणून पाच वर्षे दहा मिलिग्रॅम घेते आहे. नाचणीची भाकरी चालूच आहे. प्रार्थना करते म्हणून गोळी नको, असे कोणी म्हणाले तर मी त्यांना लूक वैद्याची आठवण देते.

पैशाचे म्हणाल तर अॅटोरवास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि जनऔषधी केंद्रात जेनेरिक गोळी बरीच स्वस्त मिळते. अॅटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कोणत्याही वेळी घेता येते. भट्टीवरच्यांना आम्ही सकाळच्या चहाबरोबर घ्यायला सांगतो, म्हणजे विसरत नाही.

भट्टीवर जाणाऱ्या हृदयरुग्णांसाठी यंदा दवाखान्याने एक काम घेतले आहे. दिवाळीपूर्वी त्यांची तपासणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सहा महिन्यांच्या गोळ्या महिन्यामहिन्याच्या पुड्या बांधून, वर सूर्याचे चित्र काढून द्यायच्या, आणि भट्टीवर मुकादमाच्या फोनवरून महिन्यातून एकदा चौकशी करायची. आत्तापर्यंत अकरा जणांची नावे आली आहेत. एकाच्या सहा महिन्यांचा खर्च ज्यांना उचलायचा असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव द्यावे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर इथेच रक्त तपासणी आहे. उपाशी येण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले दिसले तरच उपाशीपोटी पुन्हा बोलावू. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. नावे आठवत नसतील तर रिकामी पट्टीही चालेल. आणि ज्यांनी गोळी बंद केली आहे त्यांनीही या, मी रागावणार नाही.